कार्टेल, हप्ते आणि सरकार : देश यातून बाहेर पडतो तरी कसा?

दौंड_शटल

मंडळी, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यावर छापा घातला ते आठवत असेल. विश्रांतवाडीपासून दिल्लीपर्यंत सगळं मिळून सतराशे किलोच्या वर एमडी, म्हणजे मेफेड्रोन, सापडलं. किंमत साडेतीन हजार कोटींच्या पुढे. त्याच्या आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ड्रग्जच्याच गुन्ह्यातला येरवड्याचा कैदी उपचारासाठी म्हणून महिनोन् महिने ससूनमध्ये राहिला आणि तिथून पळाला. पोलीस निलंबित झाले. बंगळुरूकडे तो पुन्हा सापडला, आपण पेपर वाचला, संपलं.

मी दौंडचा. कुरकुंभचा वास वारा फिरला की आमच्या घरात येतो, त्यामुळे हा विषय मला लांबचा वाटत नाही. अजून आपल्याकडे मेक्सिको झालेला नाही, म्हणजे ड्रग्जच्या बलाढ्य टोळ्यांच्या, कार्टेलच्या, हातात देश गेलेला नाही, हे मान्य. पण मेक्सिकोही एका रात्रीत झाला नसणार. २००६ च्या डिसेंबरात तिथल्या राष्ट्राध्यक्ष काल्देरोन यांनी मिचोआकान राज्यात सैन्य उतरवलं. त्यानंतर पक्ष बदलले, धोरणं बदलली, तरी २०१८ ते २०२४ या काळात वर्षाला तीस हजारांच्या आसपास खून आणि एक लाखाहून जास्त माणसं सरकारी यादीत 'बेपत्ता'.

तर प्रश्न असा. पोलीस विकत घेतलेले, न्यायाधीश घाबरलेले, मंत्री खिशात, अशा अवस्थेला पोचलेला देश सुरुवात कुठून करतो? सैन्य, तुरुंग, कोर्ट, की ड्रग्ज कायदेशीर करून मोकळं व्हायचं? माझं मत आधीच सांगून टाकतो. बंदूकवाला मारून काही होत नाही, त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. त्याच्या डोक्यावर ज्याचा हात आहे तो हात सापडला पाहिजे.

कटिंग_चहा

पहिल्या रांगेत बसलोय. शेंगदाणे कोणी आणतंय का?

खवट_शेंगदाणा

आलो.

ठोकताळा

हात शोधत बसा पन्नास वर्षं. मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर बघा. २०१५ मध्ये लाख लोकांमागे शंभरच्या वर खून होत होते, जगात सर्वात जास्त. २०२४ चा सरकारी आकडा दोनच्या खाली. तिथल्या राष्ट्राध्यक्ष बुकेलेने काय केलं? मार्च २०२२ मध्ये आणीबाणी लावली, गुंड उचलले, मोठं जेल बांधलं, आत टाकले. आज तिथली म्हातारी संध्याकाळी दारात बसते. बाकी सगळं मानवाधिकारवाल्यांचं दळण.

वकीलबुवा

ठोकताळा, खून कमी झाले हे खरं आहे आणि तिथल्या माणसाला त्याचं काय वाटतं हे मी शिवाजीनगर कोर्टात बसून ठरवणार नाही. पण पूर्ण हिशोब मांडा. देशाची लोकसंख्या साठ-पासष्ट लाख, म्हणजे आपला पुणे-पिंपरीचा पट्टा धरा. त्यातले ऐंशी हजारांहून जास्त आत. शंभरात एकाहून जास्त माणूस. आणीबाणी 'तीस दिवसांसाठी' होती, ती दर महिन्याला वाढवत नेली. एकाच खटल्यात शेकडो आरोपी. यातले निर्दोष किती, हे तपासायला जागाच ठेवलेली नाही.

आणि मुख्य मुद्दा वेगळाच आहे. तिथल्या टोळ्या गल्लीतल्या होत्या. बसवाल्याकडून, किराणावाल्याकडून हप्ता घेणाऱ्या, अंगभर गोंदवलेल्या, बहुतेक गरीब पोरांच्या. कार्टेल म्हणजे निर्यातदार. त्याच्याकडे जहाजं, वकील, सीए आणि आमदार असतात. तो गोंदवून घेत नाही.

ठोकताळा

म्हणजे माझ्या मुद्द्याला उत्तर नाही. वकील आहात, फी बुडेल म्हणून बोलताय 😀

वकीलबुवा

फी बुडालेलीच असते, त्यासाठी आणीबाणी लागत नाही.

केरेतारोकर

विषय निघालाच आहे तर लिहितो. वाहनांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे, चाकणचा. कंपनीने काही वर्षं मेक्सिकोतल्या केरेतारोला ठेवलं होतं. शहर देखणं, शांत. आपली बरीच मराठी पोरं तिथे भेटतील. पण शेजारचं ग्वानाहुआतो राज्य म्हणजे खुनांच्या आकड्यात वर्षानुवर्षं पहिल्या काही नंबरांत. अंतर पुणे-सातारा एवढंसुद्धा नाही. सप्लायरकडे जायचं तर स्थानिक सहकारी सांगायचे, अंधार पडायच्या आत निघ.

ग्वानाहुआतोतली मारामारी सुरू झाली ती ड्रग्जवरून नाही, पेट्रोलवरून. सालामांकाला मोठी रिफायनरी आहे, तिथून निघणाऱ्या पाइपलाइनला भोकं पाडून तेल चोरायचं. सांता रोसा दे लिमा नावाची टोळीच त्यावर उभी राहिली. तिच्यात आणि हालिस्को कार्टेलमध्ये जुंपली. जानेवारी २०१९ मध्ये सरकारने पाइपलाइनी बंद करून टँकरने तेल न्यायला घेतलं तेव्हा आम्ही पंपावर तासन् तास रांगेत. त्याच महिन्यात ईदाल्गो राज्यात फोडलेल्या पाइपलाइनवर तेल भरायला गाव जमलं, आग लागली आणि एकशे तीसहून जास्त माणसं गेली. कॅन घेऊन आलेले साधे लोक.

म्हणून 'ड्रग्ज कायदेशीर करा, कार्टेल मरेल' हे मला अर्धवट वाटतं. एकदा बंदूक, माणसं आणि पोलिसातली ओळख हातात आली की माल कुठलाही चालतो. मिचोआकानात अवाकाडो आणि लिंबाच्या बागायतदारांकडून किलोमागे वसुली. कुठे टॉर्टिया विकणारा दुकानदार हप्ता देतो. अमेरिकेत राज्याराज्यांनी गांजा खुला केला, तर मेक्सिकोतून जाणारा गांजा घटला आणि टोळ्या फेंटानिल आणि मेथ या रासायनिक ड्रग्जकडे वळल्या. ते तर शेतात पिकवायचीही गरज नाही.

आता सैन्याचं. सेतास नावाची सर्वात क्रूर टोळी कोणी काढली? मेक्सिकन सैन्याच्या खास तुकडीतून पळालेल्या जवानांनी. सरकारी खर्चाने शिकलेले. २००९ मध्ये नौसैनिकांनी बेल्त्रान लेव्हा या बड्या म्होरक्याला मारलं. त्या कारवाईत एक नौसैनिक मेला, त्याच्यावर लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले, नाव पेपरात आलं. काही तासांत त्याच्या घरात घुसून आई, भावंडं, मावशी मारली. तिथले जवान तोंड झाकून का फिरतात ते असं.

आणि दौंड_शटल म्हणतात तो 'हात'. काल्देरोनच्या सहा वर्षांत युद्ध चालवणारा सुरक्षामंत्री कोण? हेनारो गार्सिया लुना. २०१९ मध्ये अमेरिकेत पकडला गेला, २०२३ मध्ये न्यू यॉर्कच्या कोर्टात सिनालोआ कार्टेलकडून लाच घेतल्याबद्दल दोषी, २०२४ मध्ये अडतीस वर्षांची शिक्षा. म्हणजे जे सैन्य एका कार्टेलवर धावून जात होतं, त्याचा दिशादर्शक दुसऱ्याच्या पगारावर होता. आणि हा निकाल मेक्सिकोच्या कोर्टात लागला नाही, हे लक्षात घ्या.

मेतकूट_भात

बाप रे. वाचतेय.
(अवांतर: टॉर्टिया आपल्या भाकरीसारखाच लागतो का?)

केरेतारोकर

मक्याचा असतो. आधी चुन्याच्या पाण्यात मका शिजवतात, त्यामुळे वास वेगळा येतो. मी तव्यावर ज्वारीची भाकरी करून ऑफिसात नेली तर सगळ्यांनी त्यात चिकन गुंडाळून खाल्ली. ठेचा मात्र त्यांना फार सौम्य वाटला, हे सांगताना आजही त्रास होतो.

कटिंग_चहा

हे वाचून कोल्हापूरचे सदस्य लॉगिन करतील आता.

संपादक

भाकरीसाठी पाककृती विभाग आहे.

मंजिरी_पर्वती

बँकेतून निवृत्त झाले, त्यामुळे माझी गाडी पैशावर येणार. बंदुका टीव्हीवर छान दिसतात, म्हणून चर्चा त्यांची. पण विचार करा, एवढी रोकड ठेवणार कुठे? नोटांना उंदीर लागतात, बुरशी लागते. कधी ना कधी ती काउंटरवर यावीच लागते.

२०१२ मध्ये एचएसबीसीने अमेरिकन सरकारला सुमारे १.९ अब्ज डॉलर भरून प्रकरण मिटवलं. आरोप हा, की मेक्सिकोतल्या त्यांच्या शाखांतून सिनालोआ कार्टेलचा पैसा धुतला गेला. अमेरिकन अधिकाऱ्यांनीच सांगितलेला तपशील आहे, की तस्करांनी रोकड भरायला खोके बनवून घेतले होते, बरोबर कॅशियरच्या खिडकीतून आत सरकतील अशा मापाचे! मी आयुष्य काउंटरच्या आतल्या बाजूला काढलं. असा माणूस दर आठवड्याला समोर येत असेल तर न कळणं शक्य नाही. कळतं. पण शाखेला डिपॉझिटचं टार्गेट असतं, आणि मॅनेजरला बढती टार्गेटवर मिळते, संशयाचा अहवाल पाठवल्यावर नाही.

त्या प्रकरणात बँकेतला एकही माणूस तुरुंगात गेला नाही. इकडे पुडी विकणारा पोरगा जामिनाविना सडतो. ठोकताळा, तुमच्या मोठ्या जेलमध्ये एक खोली बँकवाल्यांसाठी ठेवा, मी सही करते.

ठोकताळा

ताई, ठेवली. एसी नसलेली.

निवृत्त_कस्टम

मंजिरीताईंशी पूर्ण सहमत. मी माझ्या खात्याबद्दल थोडं लिहितो, कारण आपण मेक्सिको मेक्सिको करतोय आणि रायगडचा किनारा विसरतोय.

१९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा होता तोवर सोन्याची तस्करी हा मुंबईचा राजरोस उद्योग होता. त्याच्या आधी दारूबंदीने हातभट्टीवाल्यांना मोठं केलं होतंच. दुबईहून धो जहाज, कोकणात उतरवणं, ट्रक, झवेरी बाजार. प्रत्येक टप्प्याला दर ठरलेला. लोकांना त्यात गैर वाटत नसे, 'सोनंच तर आहे' म्हणायचे. १९९० मध्ये कायदा रद्द झाला, पुढच्या काही वर्षांत आयात खुली झाली आणि सोन्यातला तो नफा गेला. पण टोळ्या गेल्या का? नाही. बिल्डर, हॉटेलवाले, सिनेमावाले यांना फोन सुरू झाले. केरेतारोकर म्हणतात तेच इथेही झालं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. १९९३ च्या सुरुवातीला त्याच वाटेने, दिघी आणि शेखाडीला, स्फोटकं आणि शस्त्रं उतरली. पोलीस आणि कस्टमच्या माणसांनी नेहमीप्रमाणे पैसे घेऊन वाट मोकळी ठेवली. १२ मार्चला मुंबईत अडीचशेहून जास्त माणसं मेली. त्यातल्या पोलिसांना आणि कस्टम अधिकाऱ्यांना पुढे टाडा कोर्टाने शिक्षा केल्या. माझ्याच खात्यातले लोक होते ते. तस्करीची चांदी समजून ज्याने डोळे मिटले, त्याने ट्रकमध्ये काय आहे ते उघडून पाहण्याचा हक्कच विकलेला होता.

त्याच वर्षी केंद्र सरकारने वोहरा समिती नेमली. गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांचं साटंलोटं, हाच विषय. अहवाल ऑक्टोबर १९९३ मध्ये आला. त्याचं पुढे काय झालं, हे विचारू नका.

खवट_शेंगदाणा

काय झालं काका?

निवृत्त_कस्टम

विचारू नका म्हटलं ना!

वकीलबुवा

काकांचा प्रतिसाद चौकट करून ठेवण्यासारखा.

दौंड_शटल यांच्या मूळ प्रश्नाला धरून: माझ्या माहितीत ज्या देशाने खरोखर माफियाचं कंबरडं मोडलं त्यात इटली वरच्या क्रमांकावर येतो, आणि ते बंदुकीने नाही तर कायद्याच्या दोन कलमांनी. सिसिलीतल्या पियो ला तोरे नावाच्या कम्युनिस्ट खासदाराने विधेयक मांडलं. एक, माफिया टोळीचा सदस्य असणं हाच गुन्हा. दोन, मिळकतीचा हिशोब देता आला नाही तर मालमत्ता जप्त. एप्रिल १९८२ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. सप्टेंबरात, माफियाशी लढायला सिसिलीच्या राजधानीत, पालेर्मोला, पाठवलेल्या जनरल दाल्ला किएझालाही मारलं. त्यानंतर काही दिवसांतच कायदा झाला. दोन मुडदे पडल्याशिवाय संसद हलली नाही, हे पण नोंदवा.

मग फाल्कोने, बोर्सेलिनो आणि सहकारी न्यायाधीश. एकट्या न्यायाधीशाला मारणं सोपं, म्हणून सगळी कागदपत्रं सगळ्यांना माहीत अशी तुकडी केली. पालेर्मोच्या तुरुंगाला लागून काँक्रीटची कोर्टरूम बांधली, १९८६-८७ मध्ये चारशेहून जास्त आरोपींचा खटला चालला, तीनशेहून जास्त दोषी. जानेवारी १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. मे महिन्यात फाल्कोनेची गाडी महामार्गासकट उडवली, जुलैत बोर्सेलिनो. तरीही खटला उलटला नाही. जानेवारी १९९३ मध्ये रीना, म्हणजे म्होरक्यांचा म्होरक्या, सापडला. १९९६ पासून जप्त जमिनी संस्थांना देतात, तिथे सहकारी शेती चालते.

आपल्याकडचा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा मोक्का काहीसा याच जातीचा आहे. कायदा कमी पडत नाही. कमी पडतो तो पंच. ड्रग्जच्या खटल्यात छाप्याचा पंचनामा करायला कोण मिळतो? पोलीस ठाण्याच्या आसपासचा नेहमीचा माणूस. उलटतपासणीत मी विचारतो, याआधी कितीदा पंच झालात, की तो घाम पुसतो. किंवा फितूर होतो. नमुना उशिरा पाठवला, सील जुळत नाही, वजनात फरक. आरोपी सुटतो आणि मी घरी येऊन जेवतो. साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली, ती कायदाच म्हणून लागू आहे. शिवाजीनगरच्या आवारात साक्षीदार आणि आरोपीचे मित्र एकाच टपरीवर चहा पितात.

कटिंग_चहा

माझं नाव उगाच गोवू नका.

खवट_शेंगदाणा

वकीलबुवा, इटलीचं फार गोड चित्र काढलंत. सिसिलीचा माफिया दबला, मान्य. पण दक्षिणेतल्या कालाब्रियाची एन्द्रांगेता? युरोपात येणाऱ्या कोकेनच्या धंद्यातली सर्वात ताकदवान टोळी म्हणून तिचंच नाव घेतात. एकाचं दुकान बंद झालं, गिऱ्हाईक शेजारी गेलं. अ‍ॅंटवर्प आणि रॉटरडॅमच्या बंदरांत टनांनी माल येतो. नेदरलँड्स म्हणजे काही भ्रष्ट देश नाही, तिथे जुलै २०२१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या भर रस्त्यात गुन्हेगारीच्या बातम्या देणाऱ्या पत्रकाराला, पेटर दे व्रीसला, गोळ्या घातल्या. इक्वादोर दहा वर्षांपूर्वी शांत होता. केळ्यांच्या कंटेनरमधून कोकेन जायला लागलं आणि २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारच प्रचारसभेतून निघताना मारला गेला.

वकीलबुवा

टोळी संपली असं मी म्हटलंच नाही हो. न्यायाधीश उडवणं थांबलं, मंत्री ठरवणं अवघड झालं. मी त्यावरही समाधान मानेन.

अस्मिता_के

इतक्या प्रतिसादांत विकत घेणाऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही! व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

पुण्याला हे नवीन नाही. १९८० च्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आलं, कॉलेजातली पोरं वाया जायला लागली, तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, पुलंच्या मदतीने. तेव्हापासून पदार्थ बदलत गेले. हल्ली माझ्यासमोर बसतो तो एमडीवाला आयटीतलाही असतो आणि डिलिव्हरीवालाही. एकाला पार्टीसाठी हवं होतं, दुसऱ्याला रात्रभर जागं राहायला.

त्यांच्या घरचे मला पहिला प्रश्न विचारतात, 'पोलिसात तर जाणार नाही ना?' एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात ६४अ कलम आहे. थोड्या प्रमाणात बाळगणारा व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला आणि ते पूर्ण केले तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. किती पालकांना हे माहीत आहे? पोर्तुगालने २००१ पासून थोडं प्रमाण बाळगणं हा गुन्हा न ठेवता प्रकरण एका समितीपुढे न्यायला सुरुवात केली. विक्री तिथेही गुन्हाच. मी एमडी खुलं करा म्हणत नाहीये, त्याने झालेली दशा रोज बघते. पण पिणाऱ्याला पकडून आकडे वाढवण्यात जो हवालदार गुंततो, तो कुरकुंभला कधी जाणार?

ठोकताळा

पटलं नाही ताई. गिऱ्हाईक आहे म्हणून दुकान आहे. दोन-चार पबवाल्या पोरांना फटके पडले की बाकीचे सुधारतात.

अस्मिता_के

फटके खाल्लेले माझ्याकडेच येतात. सुधारलेले अजून भेटले नाहीत.

रसायनी

मी एमआयडीसीत शिफ्टला आहे, गाव सांगत नाही. लोकांना वाटतं असा कारखाना जंगलात लपलेला असतो. तसं नसतं. आमच्या लायनीत कितीतरी युनिट बंद पडलेली आहेत, कर्जापायी नाहीतर ऑर्डर नाही म्हणून. कोणीतरी येतो, भाड्यानं घेतो, गेटवर तोच वॉचमन, रिअ‍ॅक्टर तेच. आत एकच माणूस असा लागतो ज्याला केमिस्ट्री येते. बाकी हेल्पर बिहारचा नाहीतर आमच्या गावचा, त्याला ड्रमवर जे लिहिलंय तेच माहीत. पगार मात्र दीडपट आणि रोख. तिथंच शंका यायला पाहिजे, पण घरात लगीन काढलेलं असलं की शंका येत नाही.

तपासायला कोण येतं? फॅक्टरीवाले, प्रदूषणवाले, कधी औषधवाले. प्रत्येकजण आपापला कागद बघतो. कुणीच असं विचारत नाही की बंद कंपनीचं लाइट बिल वाढलं कसं.

आणि कळवायचं कुणाला? साहेबाला सांगितलं आणि साहेबच त्यातला असला तर?

दौंड_शटल

रसायनी, तुमचा शेवटचा प्रश्न म्हणजेच माझा धागा आहे. मेक्सिकोत २०१४ मध्ये इग्वालाला शिकाऊ शिक्षकांच्या बसगाड्या कोणी अडवल्या? नगरपालिकेच्या पोलिसांनी. आणि त्रेचाळीस पोरं टोळीच्या ताब्यात दिली. अशा गावात शंभर नंबर फिरवून काय उपयोग?

केरेतारोकर

एक गाव आहे ज्याने नंबर फिरवला नाही. मिचोआकानातलं चेरान, पुरेपेचा आदिवासींचं. टोळीच्या आशीर्वादाने लाकूडतोडे जंगल साफ करत होते, विरोध करणारे गायब व्हायचे. एप्रिल २०११ मध्ये पहाटे बायकांनी ट्रक अडवले, दगड आणि फटाके घेऊन. मग गावाने पोलीस हाकलले, महापौर हाकलला आणि राजकीय पक्षही हाकलले. गल्लोगल्ली चौकाचौकात शेकोट्या, रात्रभर पहारा. पुढे कोर्टाने त्यांच्या पद्धतीच्या पंचायतीला मान्यता दिली. आजही तिथे पक्षांना निवडणूक लढवू देत नाहीत.

पण लगेच हुरळून जाऊ नका. त्याच राज्यात २०१३ मध्ये लिंबूवाल्या शेतकऱ्यांनी बंदुका घेऊन स्वसंरक्षण दलं काढली. वर्षभरात त्यांतल्या काहींत दुसऱ्या टोळीची माणसं शिरली. चेरानकडे एकमेकांना ओळखणारी वस्ती होती आणि राखायला जंगल होतं. हे वाकड-हिंजवडीत करून दाखवा.

मेतकूट_भात

आमच्या वाकडच्या सोसायटीत पार्किंगवरून बंदुका निघायच्या तेवढ्या बाकी आहेत.

खवट_शेंगदाणा

पक्ष हाकलून द्यायचे ही कल्पना आवडली. बाकी धागा तूर्त बंद केला तरी चालेल.

मंजिरी_पर्वती

पक्षांवरून आठवलं. कोलंबियात १९९४ च्या निवडणुकीत अर्नेस्तो साम्पेर जिंकले आणि नंतर बाहेर आलं की प्रचाराला काली कार्टेलचे काही दशलक्ष डॉलर आले होते. बघा, तिथला सर्वात बडा ड्रग्ज-म्होरक्या एस्कोबार डिसेंबर १९९३ मध्ये मारला गेला. छपरावरचा फोटो जगभर छापला. आणि पुढच्याच वर्षी त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचा पैसा थेट राष्ट्राध्यक्षाच्या प्रचारात. कोकाची, म्हणजे ज्याच्या पानांपासून कोकेन करतात त्या झाडाची, लागवड तर २०२३ मध्ये अडीच लाख हेक्टरवर गेली, एस्कोबारच्या काळापेक्षा कितीतरी जास्त.

दौंड_शटल, तुमचा 'हात' शोधायचा तर निवडणूक खर्चापासून शोधा. उमेदवाराची मर्यादा कागदावर असते, पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही.

निवृत्त_कस्टम

आणि बदल्या. मोक्याच्या ठाण्यावर येणारा अधिकारी जर पैसे मोजून आला असेल तर ते तो वसूल करणारच. २००६ मध्ये पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, किमान दोन वर्षं मुदत द्या, बदल्यांसाठी मंडळ नेमा. राज्यांनी ते आपापल्या सोयीने वाकवलं. मला विचाराल तर ड्रग्जवरचा पहिला उपाय बदल्यांचा. त्यात हेलिकॉप्टर लागत नाही, म्हणून बातमी होत नाही.

वकीलबुवा

रसायनी, तुमच्या प्रश्नाला व्यवहारी उत्तर: स्थानिक ठाण्यावर विश्वास नसेल तर १९३३ हा अमली पदार्थांबद्दल माहिती द्यायचा केंद्राचा नंबर आहे, एनसीबीचा, म्हणजे नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोचा. नाव सांगायची गरज नाही. 'माल कुठे' हे सांगत बसू नका, ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. 'अमुक युनिट कागदावर बंद, रात्री चालू' एवढं पुरतं. आणि इथे यापुढे काही लिहू नका.

रसायनी

बरं.

ठोकताळा

पंच, बदल्या, बँका, निवडणूक खर्च. सगळं बरोबर आहे हो. इटलीला किती वर्षं लागली? १९८२ ते १९९३ आणि पुढे. मग तोवर तो टॉर्टियावाला, तो लिंबूवाला काय करणार? हप्ता देणार की गोळी खाणार? बुकेलेला मत देणारा हाच माणूस आहे. याचं उत्तर तुमच्यापैकी एकानेही दिलेलं नाही.

वकीलबुवा

रास्त. पालेर्मोतल्या लिबेरो ग्रासी नावाच्या कापड कारखानदाराने जानेवारी १९९१ मध्ये खंडणीखोराला उद्देशून पेपरात पत्र छापलं, की मी देणार नाही. इतर व्यापाऱ्यांनी त्यालाच नावं ठेवली. ऑगस्टमध्ये घराबाहेर मारला. २००४ मध्ये त्याच शहरात काही तरुण पोरांनी रातोरात भिंतींवर, खांबांवर चिकटपत्रं लावली, की हप्ता देणारी जनता म्हणजे मान नसलेली जनता. त्यातून हप्ता न देणाऱ्या दुकानांची जाहीर यादी झाली आणि गिऱ्हाइकांनी सही करून तिथेच खरेदी करायचं ठरवलं. दुकानं हजाराच्या घरात गेली. एकटा ग्रासी मारता आला, एवढी दुकानं जाळता येईनात. पण तेव्हा पाठीशी जप्तीचा कायदा होता आणि बहुतेक म्होरके आत होते. उलट्या क्रमाने हे झालं असतं असं मला वाटत नाही.

ठोकताळा

म्हणजे आधी म्होरके आत. बघा, आलात ना माझ्याकडे.

वकीलबुवा

खटला चालवून आत!

ठोकताळा

ठीक आहे, अर्धा पॉइंट तुमचा. पण हजार दुकानदार एका यादीवर? आमच्या रस्त्यावरचे व्यापारी गणपतीच्या वर्गणीवरून दोन मंडळं करून बसलेत.

दौंड_शटल

ती वर्गणी कोण गोळा करतं यावर वेगळा धागा काढतो.

संपादक

काढू नका.